एसी मध्येच गरम हवा देत असेल, तर गॅस भरून घ्यावा का?

नाही, निदान लगेच तरी नाही. आपल्या गाडीचा एसी पाऊण तास उत्तम चालतो, मग अचानक गरम हवा येऊ लागते आणि गाडी थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा गारवा येतो, असे आपण लिहिले आहे. नेमका हाच आजार माझ्या गाडीला जडला होता आणि त्यापायी दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरून घेण्याचा मूर्खपणा मी केला; खरे तर माझ्या थोरल्या मेव्हण्यांनी तो माझ्याकडून करवून घेतला.

एसी बिघडला म्हणजे गॅस संपला, यापलीकडे त्यांचे निदान कधी गेले नाही. गंमत अशी की, प्रत्येक वेळी गॅस भरल्यावर एसी थंड व्हायचा आणि मेव्हणे विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहायचे. बॉनेट उघडे ठेवून गाडी तासभर उभी राहिल्यामुळे तो थंड होत होता, हे समजायला मला दीड वर्ष लागले. गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. तो बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. पाऊण तासाने जो संपतो आणि वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर आपोआप परत येतो, असा गॅस कुठला, हा माझा प्रश्न त्यांनी अजूनही अनुत्तरित ठेवला आहे.

शेवटी एका दुपारी गरम हवा सुरू होताच मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन व एसी चालू ठेवूनच बॉनेट उघडले. कॉम्प्रेसरची, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाची, पुली पट्ट्यावर गरगर फिरत होती, पण तिच्या पुढची क्लचची चकती, जी वीज मिळताच चुंबकाने पुलीला चिकटून कॉम्प्रेसर फिरवते, ती मात्र स्तब्ध उभी होती. तिच्यावरचा गंजाचा ठिपकासुद्धा स्पष्ट दिसत होता. क्लचच्या तारेवर टेस्टर लावला, तर वीज येत होती. म्हणजे हुकूम पोहोचत होता, पण चकती चिकटत नव्हती. गाडी निवल्यावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चकती आणि पुली यांमधली फट मोजली, तेव्हा ती ०.९ मिलिमीटर भरली. साधारणपणे ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. वर्षानुवर्षे घासून फट वाढते आणि क्लचची कॉइल तापली की तिच्या तांब्याचा रोध वाढून चुंबकाची ओढ कमी पडते, त्यामुळे थंड असताना कशीबशी ओढली जाणारी चकती तापल्यावर सुटते. चकतीमागचा एक पातळ शिम (फट राखणारा वॉशर) काढला आणि काम झाले. त्याला चार उन्हाळे झाले.

आपल्या गाडीतही हेच असेल असे मी छातीठोकपणे सांगत नाही. रिले, म्हणजे क्लचला वीज सोडणारा स्विच, तापल्यावरही असेच होते. तो त्याच जातीच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहावा. गाडी उभी असताना गरम आणि धावू लागताच थंड हवा येत असेल, तर कंडेन्सरचा, म्हणजे गॅस निववणाऱ्या जाळीचा, पंखा पाहावा. हवेचा झोतच हळूहळू मंदावत असेल, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल, तर मात्र गॅस कमी असण्याचा संभव आहे, एवढे मेव्हण्यांच्या बाजूने मान्य करतो. जुन्या रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षे थोडा गॅस झिरपतोही. परंतु तेव्हाही आधी गळती शोधावी. बंद गाडीला दाबाचा गेज लावून कोणी निदान करू लागला, तर तेथून निघावे: आर-१३४ए गॅस असेल, तर ३० अंशांना दाब सुमारे ९७ पीएसआय दिसतो, मग आत गॅस पूर्ण असो की निम्मा, कारण थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तापमानावर ठरतो.

काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लचच नसतो. तेथे माझी ही कथा निरुपयोगी आहे. फिरत्या पट्ट्याजवळ हात, ओढणी किंवा सैल बाही नेऊ नये, हे खरे तर मी आधीच लिहायला हवे होते. आणि तपासायला नेताना गाडी तापलेलीच न्यावी, नाहीतर कारागिरासमोर एसी छान थंड हवा देईल आणि तो आपल्याला गॅस भरून परत पाठवील.