पाखरांचं बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुनं माळवद पाडून आम्ही स्लॅबचं घर बांधलं. माळवदात चिमण्यांची कायम वर्दळ असायची. आता गोठ्याच्या पत्र्याला दोन लाकडी पेट्या टांगल्यात, रोज ज्वारी टाकते. चिमण्या दाणे टिपतात आणि भुर्र होतात. घरटं का करत नाहीत?
– एक वाचक भगिनी, ता. मोहोळ

उत्तर : ताई, पेट्या आधी पत्र्यावरून काढा. सोलापूरकडचा चैत्र-वैशाख तुम्हाला मी काय सांगायचा? पारा 42-43 वर गेला की पत्र्याखालच्या पेटीची भट्टी होते, त्यात पिल्लं जगत नाहीत. तुमच्या माळवदाच्या भिंती हातभर जाड असणार, वर मातीचा थर, तुळयांच्या बेचक्यात भर दुपारीही गारवा. चिमणीला हवा होता तो गारवा. म्हणून पेटी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला, छज्जाखाली, आठ-दहा फुटांवर स्क्रूनं पक्की बसवा. दोरीवर झुलणारी पेटी तिच्या पसंतीला उतरत नाही.

भोक सव्वा इंचाचं पुरे. त्याहून मोठं ठेवलंत तर साळुंकी ताबा घेते. भोकाखाली बसायला दांडी लावलेली असेल तर ती कापून टाका. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र उभं राहून आत चोच घालायची सोय होते. तळ पाच इंच चौरस, भोक तळापासून पाच-सहा इंच वर, आणि हवेसाठी छपराखाली दोन बारीक छिद्रं. आतून रंग, वॉर्निश काही नको. गावातला सुतार उरल्यासुरल्या फळीतून हे करून देईल.

पण ताई, दाण्यांनी चिमणी अंगणात येते, संसार थाटत नाही. मोठ्या चिमणीला ज्वारी चालते. पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या, मावा, लहान नाकतोडे असंच मऊ खाणं लागतं. पिल्लं घरट्यात साधारण पंधरा दिवस असतात आणि तेवढ्या काळात आईबापांच्या दिवसभर खेपा चालू असतात. किडे जवळपास मिळत नसतील तर पेटी कितीही देखणी असो, रिकामी राहणार. घराभोवतीच्या भाजीवर आणि जवळच्या बांधावर फवारा मारू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. मी परसात शेपू-कोथिंबिरीचा एखादा वाफा मुद्दाम फुलावर येऊ देते; त्या फुलांवर जी किडामुंगी जमते तिच्यावर चिमण्यांची दोन-दोन वेतं निघतात. कोपऱ्यात थोडी मोकळी भुसभुशीत माती ठेवा, त्यांना धुळीत लोळायला लागतं. पाण्याला पसरट मातीची थाळी, दोन बोटं खोल, मध्ये एक दगड. पाणी रोज बदला.

आणि पेटीच्याच मागं लागू नका. रचलेले दगड, गिलावा न केलेल्या भिंतीतली भोकं तशीच राहू द्या. आमच्या बंद बोअरच्या स्टार्टरपेटीत चिरकाच्या जोडीनं बिऱ्हाड केलं होतं. काळा नर शेपटी उभारून खांबावर राखण करायचा, मातकट मादी चोचीत अळी घेऊन आधी तारेवर बसायची, इकडं-तिकडं बघायची, माझी पाठ फिरली की आत. पिल्लं उडून गेल्यावर मी ते घरटं पाहिलं : बाहेर गवत-मुळ्या, आत शेळीचे केस, आणि कडेनं सापाच्या कातीचा पारदर्शक तुकडा बसवलेला. चिरक घरट्यात कात बऱ्याचदा वापरतो. असं काही बघायचं तर खिडकीतून बघा. अंडी असताना पेटी उघडून डोकावलं की जोडी घरटं सोडू शकते.

प्रश्न : विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची बरीच घरटी आहेत, पण काही अर्धवट सोडलेली. आमच्यामुळं बुजले असतील का? एखादं आणून पडवीत लावलं तर पक्षी येतील का?
– एक वाचक, ता. बार्शी

उत्तर : बुजलेले नाहीत. सुगरणीत विणकाम नराचं असतं. घरटं अर्धं झालं, हेल्मेटसारखा आकार आला की तो पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून पारखते. पसंत पडलं तर नर खालची नळी विणून पुरं करतो, नाहीतर ते तसंच सोडून दुसरं घेतो. एकात मादी बसली की हाच नर पुढचं घरटं विणायला लागतो. सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला हे बारकाईनं पाहून लिहून ठेवलंय.

पडवीत आणलेल्या घरट्यात सुगरण येत नाही. जुनं घरटं झाडावरच राहू द्या, त्यात मुनिया राहायला येतात. आणि विहिरीत पाला पडतो म्हणून ती बाभूळ तोडू नका. खाली पाणी आणि वर काटे, म्हणून तर त्यांनी ती निवडली.

प्रश्न : नांगरटीच्या रानात टिटवीची चार अंडी आहेत. उचलून बांधावर ठेवू का?
– एक शेतकरी, नान्नज

उत्तर : दादा, उचलू नका. हलवलेली अंडी टिटवी बहुधा सोडून देते. चारही बाजूंनी दोन-दोन हात रान सोडून नांगर फिरवा, ट्रॅक्टरवाल्याला दिसावं म्हणून थोडं लांब चार काटक्या रोवा. अंडी उबायला जवळजवळ चार आठवडे लागतात. पिल्लं मात्र सुकली की लगेच पळायला लागतात, मग रान तुमचंच. उन्हात टिटवी पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते, तेव्हा जवळ पाणी असेल तर ते आटू देऊ नका.

तुमच्या गावच्या माळावर 1979 साली ज्याच्यासाठी अभयारण्य झालं तो माळढोकही असाच उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही एकच. जमिनीवरचं घरटं वाचवायला माणसाला फार काही करावं लागत नाही. रानाचा तेवढा तुकडा सोडायचा, आणि राखणीचं कुत्रं महिनाभर तिकडं मोकळं सोडायचं नाही.