मिशनच्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेस

सकाळच्या प्रार्थनेत शास्त्रपाठ (बायबलमधला उतारा) वाचण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावू नका. माझ्या वर्गात मालवणच्या बंदरावरचा एक मुलगा होता. तो ‘घर’ला ‘धर’ वाचायचा, ‘भ’ आणि ‘म’ यांत अडकायचा आणि पाळीच्या दिवशी हमखास पोट दुखल्याचे सांगायचा. मात्र लिलावातल्या मासळीचा हिशेब तो तोंडी, बिनचूक करीत असे. आळशी म्हणून मी त्याला वर्षभर बोलले, याची खंत अजून आहे. पुढे त्याच्या पाळीचे स्तोत्र ऐकवून पाठ करून घेतले, तेव्हा त्याने ते न अडखळता म्हटले.

त्या मुलासारखा वाचनदोष (डिस्लेक्सिया) हा बुद्धीचा दोष नव्हे, आणि तो पापाची शिक्षा किंवा श्रद्धेची उणीव तर मुळीच नव्हे, हे पालकांना फादरांच्या तोंडून सांगितले गेले तर ते लवकर पटते. आपल्याकडे त्यांच्या शब्दाला वजन असते. प्रार्थना जरूर करावी, पण तपासणी टाळून नव्हे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे अशा वाचनदोषासारख्या शिकण्यातल्या अडचणींचा, समावेश आहे. दहावीला वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, परंतु त्यासाठी प्रमाणपत्र लागते आणि तपासणीला खेपा पडतात, म्हणून ते काम दहावीच्या वर्षावर ढकलू नका. तोवर वर्गात फळ्यावरचे उतरवून घेण्याचे ओझे कमी करा, उत्तरे तोंडी घ्या आणि शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवा.