कवड्या समुद्रात फुकट मिळायच्या, मग त्या पैसा म्हणून कशा चालल्या?

तुम्ही विचारलंय की कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच, मग किनाऱ्यावरची माणसं पोती भरभरून सावकार का झाली नाहीत?

कारण पैसा म्हणून चालणारी कवडी हवी तितकी मिळेल असे किनारेच फार थोडे. बोटाच्या पेराएवढी, पिवळसर, कडेला गाठी आणि खाली दातेरी फट असलेली ही कवडी जहाजं भरून यायची ती मालदीवहून. कोकणच्या वाळूतही कवड्या सापडतात, पण त्यांवर बाजार चालत नसे. मालदीवात उथळ पाण्यात नारळाच्या झावळ्या सोडत, त्यांना कवड्या चिकटत. मग किनाऱ्यावर खड्ड्यात पुरायच्या आणि आतलं मांस कुजलं की धुऊन गलबतात भरायच्या. (त्या खड्ड्यांच्या वासाबद्दल न बोललेलंच बरं.) म्हणजे तुम्ही म्हणता ते मालदीवच्या लोकांनी केलंच: कवड्या बंगालला पाठवायच्या आणि बदल्यात तांदूळ आणायचा.

फक्त उगमाशी तिला भाव नव्हता. १३४३ च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालदीवात होता. तो लिहितो, एका सोन्याच्या दिनारला ४ लाख कवड्या, कधी तर १२ लाखसुद्धा. पुढे तोच माणूस पश्चिम आफ्रिकेत माली राज्यात गेला, तिथे दिनारला मोजून ११५०! मधला सगळा फरक वाहतुकीचा आणि व्यापाऱ्यांच्या नफ्याचा.

खोटी कवडी करणं खऱ्यापेक्षा महाग पडलं असतं. जिवंतपणी प्राणी आपल्या मांसल पडद्याने कवच बाहेरून झाकून घेतो आणि त्यावर थर चढवत राहतो, म्हणून ती चकाकी. शिवाय ती गंजत नाही, सहसा फुटत नाही, आणि भाजीपाल्याच्या किरकोळ खरेदीला नाण्यापेक्षा सोयीची. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात (११५०) नाण्यांच्या कोष्टकाची सुरुवातच कवडीपासून आहे: २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा ‘पण’ (हे नाण्याचं नाव), १६ पणांचा द्रम्म. अठराव्या शतकात सिल्हेटचा (आता बांगलादेशात) सरकारी महसूल कवड्यांत भरला जायचा, रुपयाला ५१२० या दराने. तो मोजायला, साठवायला आणि होड्यांतून ढाक्याला न्यायला किती माणसं लागत असतील, विचार करा.

याच कवड्या डच आणि इंग्रज जहाजं युरोपात नेत आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत. तिथे त्या मोजून माणसं विकत घेतली जात. कवडीच्या इतिहासातला हा भाग सहसा कोणी सांगत नाही.

तुमची शंका खरी ठरली ती शेवटी. १८४५ च्या सुमारास जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारकडच्या कवड्या मिळाल्या: जात वेगळी, आकाराने मोठी, पण खूप स्वस्त. त्यांनी त्या पश्चिम आफ्रिकेत अक्षरशः ओतल्या आणि बक्कळ कमावलं. पुढच्या काही दशकांत तिथे कवडीचा भाव इतका घसरला की लांबच्या बाजारी ओझं वाहून नेणं परवडेना, आणि ज्यांची आयुष्याची बचत कवड्यांत होती ते बुडाले.