एमएस्सी करतोय. पुण्यातल्या शुद्ध गणिताच्या सेमिनारला गेलो तर काही कळेल का?

थोडं कळेल, आणि तेवढ्यासाठीही जाच. फक्त आधी सूचनेत 'कलोक्वियम' लिहिलंय की 'सेमिनार' ते बघा. कलोक्वियम गणितातल्या कुठल्याही शाखेच्या माणसासाठी असतं, सेमिनार त्याच विषयात काम करणाऱ्यांसाठी. सुरुवात कलोक्वियमने करा. पाषाणच्या आयसर (IISER) या विज्ञान संस्थेत जाणार असाल तर आयोजकांना आधी मेल टाका, ओळखपत्र जवळ ठेवा. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठान या पुण्यातल्या गणित संस्थेच्या कार्यक्रमांवरही लक्ष असू द्या.

व्याख्यानाचा सुरुवातीचा भाग अजिबात चुकवू नका. प्रश्न कुठून आला, आधी काय माहीत होतं, हे तिथेच सांगतात. पुढची सिद्धता डोक्यावरून जाते. दुसऱ्या शाखेतल्या प्राध्यापकांचंही तसंच होतं, त्यामुळे संकोच नको. व्याख्यानाचा सारांश वाचून त्यातल्या दोन-तीन व्याख्या बघून जा. विषय एलिप्टिक कर्व्हचा (y² = x³ + ax + b अशा समीकरणाच्या वक्राचा) असेल तर आदल्या रात्री अशा एखाद्या वक्रावरचे दोन परिमेय बिंदू (ज्यांचे x, y परिमेय संख्या आहेत असे) घेऊन त्यांची बेरीज स्वतः हाताने करा. माझ्या मते दहा पानं वाचण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

आणि संपल्यावर लगेच निघू नका. वक्त्याला एवढंच विचारा: याचं सगळ्यात सोपं उदाहरण कोणतं?