साठ हजारांत जीटीए आणि व्हॅलोरंट ह्या गेमसाठी पीसी: काका म्हणतात आय-सेव्हन प्रोसेसर घे, ग्राफिक्स कार्ड नंतर बघू. काय करू?

काकांना घरीच ठेव आणि दुकानात एकटा जा. पैसा कार्डात घाल, गेमचं चित्र तेच काढतं.

आमच्या दाजींनी भाच्यासाठी कोल्हापुरात राजारामपुरीतनं पीसी घेतला. मी आधीच बजावलं होतं, पण ‘प्रोसेसर म्हणजे मेंदू, त्यात काटकसर नको’ म्हणून आय-सेव्हन १२७०० उचलला. बारा कोअर, म्हणजे एकात बारा मेंदू! उरलेल्या पैशात जीटी ७३०, म्हणजे २०१४ सालचं ग्राफिक्स कार्ड. त्या आय-सेव्हनच्या पोटातलं इनबिल्ट ग्राफिक्ससुद्धा त्याच्या तोडीचं आहे. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा.

पोरगं जीटीए फाईव्ह लावून बसलं, तर गाडी वळवली की चित्र अडखळत यायचं. कोण किती राबतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर मी उघडून दाखवला: जीपीयू (कार्ड) शंभर टक्के, सीपीयू (प्रोसेसर) वीसच्या आत. दाजी स्क्रीनकडं बघून खुश! म्हणाले, “बघ, प्रोसेसरला घामसुद्धा फुटंना. ह्याला म्हणतात ताकद.” अहो दाजी, बसून आहे तो, कार्ड फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र, देईपर्यंत त्याला कामच नाही! पण बहिणीच्या घरी जेवायला बसलेलो, किती बोलणार?

गणपतीत माझा पीसीचा डबा तिकडं नेला. प्रोसेसर रायझन फाईव्ह ५६०० आणि कार्ड आरएक्स ६६००. त्यांच्याच मॉनिटरला जोडला, फुल एचडीत सेटिंग हाय, आणि गेम लोण्यासारखा. भाचा उठेचना. दाजींचं मत? “तुझ्यात काहीतरी सेटिंग केलंयस.” आजही पाहुण्यांसमोर हेच सांगतात.

तर तुझं. रायझन फाईव्ह ५६०० किंवा आय-फाईव्ह १२४००एफ, दोन्हीत सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी बारा कामं), जे स्वस्त मिळेल ते घे. ह्या दोन्हींत इनबिल्ट ग्राफिक्स नाही, त्यामुळं कार्ड दुरुस्तीला गेलं की स्क्रीन काळी. एचडीएमआय वायर कार्डाच्या पोर्टलाच लाव. कार्ड आरएक्स ६६००, हात पोचला तर आरटीएक्स ४०६०. दोन्ही ८ जीबीची आणि वीज कमी खाणारी, पण म्हणून बिननावाचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गळ्यात मारून घेऊ नकोस, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घे. रॅम आठ-आठ जीबीच्या दोन काड्या.

एक मात्र आहे, व्हॅलोरंट प्रोसेसरवर जास्त चालतो. नुसता तोच खेळणार असशील आणि १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) मॉनिटर असेल, तर कार्ड हलकं चालेल. व्हिडिओ एडिटिंग करणार असशील तर आय-सेव्हनलाही अर्थ आहे. दाजींच्या घरी एडिटिंग कोण करतंय, ते मला अजून दिसलेलं नाही.