सोयाबीनची झाडं बुडाशी कुजून वाळत आहेत, कोणतं बुरशीनाशक फवारू?

तुमचं म्हणणं असं : पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात दीड एकर सोयाबीन, पेरून ४० दिवस झाले, झडीचा पाऊस थांबल्यापासून पाच-सहा ठिकाणी झाडं पिवळी पडून मरत आहेत, बुडाशी पांढरी बुरशी आहे आणि दुकानदार फवारणी घ्या म्हणतो.

पंप आज बाजूलाच ठेवा. मरू लागलेली चार-पाच झाडं खुरप्याने मुळासकट काढा आणि खोड उभं चिरून बघा. वरून सगळी सारखीच पिवळी दिसतात, पण आत फरक कळतो. गाभ्यात लालसर नागमोडी भुयार आणि फिकट अळी असेल तर ती खोडमाशी, बुरशीनाशकाचा तिथे काही उपयोग नाही. खोडावर दोन समांतर गोल खाचा आणि त्यांच्या वरचा शेंडा सुकलेला असेल तर चक्रभुंगा, तीही कीडच.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ही स्क्लेरोशियम बुरशीची खोडकूज, म्हणजे कॉलर रॉट वाटते. जमिनीलगत कापसासारखी पांढरी वाढ आणि तिच्यात मोहरीएवढे गोल दाणे, आधी पांढरे, मग तपकिरी. हे दाणे नक्की शोधा, कारण बुरशी त्यांच्याच रूपात जमिनीत कित्येक वर्षं टिकते. पानांवर मारलेलं औषध बुडाशी, मातीत असलेल्या या बुरशीपर्यंत पोचत नाही. गाठलं तरी कुजलेलं खोड पुन्हा जोडलं जात नाही. म्हणून मेलेली आणि सुकू लागलेली झाडं बुडाच्या मातीसह पोत्यात भरून शेताबाहेर न्या आणि वाळवून जाळा. उकिरड्यावर अजिबात टाकू नका, ते दाणे खतातून परत शेतात येतात. साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा. कडेच्या निरोगी झाडांना वापसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून बुडाशी आळवणी करा, मात्र त्याच जागी रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, ट्रायकोडर्मा मरतो. आणि कोळपताना माती खोडाला लावू नका. बाधित माती खोडाला चिकटली की बुरशीला आयती वाट मिळते.

फवारणी खरी उपयोगी पडते ती करपा या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाला. तो फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत, सतत पाऊस आणि दमट हवा असताना येतो. खोडावर आणि शेंगांवर वेडेवाकडे काळपट डाग, त्यात बारीक काळे ठिपके. शेंगा काळ्या पडल्यावर फवारून हाती फारसं लागत नाही, कारण बुरशी लक्षणं दिसण्याआधीच झाडात शिरलेली असते. करप्यासाठी टेब्युकोनॅझोल १० टक्के अधिक गंधक ६५ टक्के हे मिश्र बुरशीनाशक एकरी ५०० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून. १५ लिटरच्या पंपाला साधारण ३७ ग्रॅम.

पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाने दडी मारली आणि मुरमाड तुकड्यातली झाडं वाळली, पण पानं गळाली नाहीत, तर मुळाची साल खरवडून बघा. आत कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे काळे कण दिसले की ती कोळशी मूळकूज. तिला ताण आणि उष्णता मानवते, म्हणून शेंगा भरताना एखादं संरक्षित पाणी द्यायची सोय ठेवा.

खरी लढाई पुढच्या पेरणीआधीची आहे. उन्हाळ्यात एकदा खोल नांगरट करून स्क्लेरोशियमचे ते दाणे गाडा, पण त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तितकंच खोल नांगरलं तर गाडलेले दाणे वर येतात. अर्धकच्चं शेणखत टाकू नका, त्यावर ही बुरशी पोसते. १०० किलो कुजलेल्या शेणखतात २ किलो ट्रायकोडर्मा मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत आठ-दहा दिवस गोणपाटाखाली झाका आणि एका एकराला वापरा. बेवड, म्हणजे त्या शेतातलं आधीचं पीक, बदला : भुईमूग, हरभरा, टोमॅटो, मिरची या सगळ्यांना स्क्लेरोशियम लागतो, बाजरी किंवा ज्वारी घेतलेली बरी. कोळशी कूज असेल तर मात्र ज्वारी आणि मका टाळा, ती या पिकांवरही येते.

बियाण्याला कार्बोक्सिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के, किलोला ३ ग्रॅम चोळा. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, म्हणून ताडपत्रीवर हलक्या हाताने घोळवा, हाताने रगडलं तर उगवण घटते. रायझोबियम हे जिवाणू खत त्यानंतर, अगदी पेरणीच्या तोंडाशी, १० किलोला २५० ग्रॅम, आणि बी सावलीतच सुकवा. अंतर ४५ बाय ५ सेंटिमीटर, बी एकरी २६ ते ३० किलो. दाट पेरलं की बुडाशी हवा खेळत नाही. दर चार ओळींनंतर एक सरी मोकळी सोडा, तुमच्याकडच्या जुलैच्या झडीत तीच पाणी काढून देईल.

चिरूनही खात्री पटली नाही तर मुळं आणि बुडाची माती असलेली दोन-तीन झाडं कागदात गुंडाळून नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. पूर्ण वाळलेलं झाड नेऊ नका, नुकतं पिवळं पडू लागलेलं न्या. मेलेल्या झाडावर इतर बुरश्या चढतात आणि मूळ रोग ओळखू येत नाही.