काळजीमुळे जखम भरायला उशीर लागतो का?

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश असल्याने गेली काही वर्षे त्यांचे सारे मीच पाहते. अलीकडे विळीने कापलेले बोटही लवकर भरून येत नाही. रक्तातील साखर योग्य आहे. हा ताणाचा परिणाम, की घरचे म्हणतात तसे माझ्या मनाचे खेळ?

उत्तर : मनाचे खेळ खचितच नव्हेत. अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी १९९५ साली याविषयीचाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तसा भार नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली असता, पहिल्या गटातील जखम भरायला सरासरी सुमारे नऊ दिवस अधिक लागले. गट लहान होता, हे मान्य; परंतु पुढील अभ्यासांचा कौलही बहुतांशी तसाच आहे.

जखम झाल्यावर प्रथम येणारी सूज आणि लाली ही दुरुस्तीची सुरुवात असते. ताण लांबला की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक ती प्रक्रिया दडपते. त्यात रात्रीची जागरणे असतील, तर शरीराला सावरायला उसंतच मिळत नाही. तरीही सगळे खापर ताणावर फोडू नये. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. औषधांइतकेच निकडीचे म्हणजे, आठवड्यातील काही रात्री सासूबाईंजवळ दुसऱ्या कोणी झोपावे, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. हवे तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.